एकाआड एक रात्र : नोकरी सांभाळून जीएनएम

आमच्या दवाखान्यात नव्यानं लागलेल्या एएनएम पोरी मला हमखास विचारतात, "ताई, जीएनएम करायचं तर नोकरी सोडावी लागंल का?" एएनएम म्हणजे सहायक परिचारिकेचा कोर्स; जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी (परिचर्या आणि प्रसूतिसेवा), हा त्याच्या वरचा, स्टाफ नर्स होण्याचा. मी नोकरी सोडली नाही. लातूरच्या एका खासगी प्रसूतिगृहात रात्रपाळी करत २०२१ च्या हिवाळ्यात प्रवेश घेतला आणि २०२५ च्या उन्हाळ्यात परिचर्या परिषदेची नोंदणी हातात पडली. मधल्या काळात काय करावं लागलं, पैसे किती लागले, कुठं अडलं, हे जाता-येता सांगून होत नाही. म्हणून क्रमानं लिहिते.

आधी माझी परिस्थिती. राहायला औसा, नोकरी लातूरला, मधलं अंतर वीसेक किलोमीटर. बारावी आर्ट्स, मग एएनएम, मग लग्न, मग मुलगी. पगार ९,००० रुपये. नवरा एमआयडीसीत डाळ मिलमध्ये. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात, कंत्राटी भरतीच्या जाहिराती निघाल्या. स्टाफ नर्सच्या रकान्यात जीएनएम किंवा बी.एस्सी. ही पात्रता. मी इतकी वर्षं सलाईन लावत होते, बाळंतपणात हाताखाली उभी राहत होते, पण त्या रकान्यात माझं नाव बसत नव्हतं. शिवाय एएनएमला सरकारीत जागा निघतात त्या बहुतेक उपकेंद्राच्या, आणि मला वॉर्डातलंच काम आवडतं. तेव्हा ठरवलं.

बी.एस्सी. नर्सिंगला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं, त्यामुळं तो प्रश्न निकालात निघाला. जीएनएम मात्र आर्ट्सवाल्यांनाही करता येतं. बारावीला इंग्रजी असावं आणि ४० टक्के असावेत. वयाचं मला मोठं भ्या होतं, कारण मी तेव्हा बत्तिशीत होते आणि कमाल वय ३५ आहे. चौकशीत कळलं की नोंदणीकृत एएनएमला ही कमाल मर्यादा लागूच नाही. हे कितीतरी एएनएमना माहीत नसतं आणि 'आता वय गेलं' म्हणून त्या फॉर्मच भरत नाहीत. प्रवेशाची पद्धत मात्र बदलत राहते. माझा प्रवेश बारावीच्या गुणांवर झाला. तुम्ही त्या-त्या वर्षीची सूचना वाचा, माझ्यावर विसंबू नका.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते. जीएनएम हा नियमित अभ्यासक्रम आहे, तीन वर्षांचा, शेवटचे सहा महिने इंटर्नशिप धरून. घरबसल्या, रविवारी किंवा 'फक्त परीक्षेला या' असं जीएनएम नसतं. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीकडं ८० टक्के हजेरी लागते आणि प्रमाणपत्र मिळण्याआधी प्रॅक्टिकलचे तास शंभर टक्के भरून द्यावे लागतात. मलाही एका एजंटानं हजेरी 'मॅनेज' करून देतो म्हणून फोन केला होता. असल्या माणसाला नंबर ब्लॉक करणं हेच उत्तर. कॉलेजला इंडियन नर्सिंग कौन्सिलची आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, हे त्यांच्या संकेतस्थळावरच्या यादीत स्वतः बघा.

म्हणजे दिवस कॉलेजचा. नोकरीला उरली रात्र.

कॉलेजात फॉर्म भरायच्या आधी मी मॅट्रन मॅडमना भेटले, आणि माझ्या मते हाच क्रम बरोबर. आमच्याकडं रात्रपाळी आठ ते आठ. मी म्हटलं, मला एकाआड एक रात्र द्या, बारा तासांची, कायमची. आठवड्याला कधी तीन, कधी चार रात्री, म्हणजे पूर्ण नोकरीचेच तास. रात्रपाळी कुणालाच नको असते, त्यामुळं मॅडमना सोयीचंच होतं. पण त्या सरळ बोलल्या : "रात्री तुझ्या. पण तुला रजा लागली तर बदली माणूस तूच आणायचा. माणूस आणल्याशिवाय मी सही करणार नाही." त्या दिवशी ही अट जाचक वाटली. पुढची साडेतीन वर्षं मात्र तिच्यावरच निघाली.

कॉलेजच्या प्राचार्यांनाही नोकरीचं आधीच सांगितलं. "हजेरी पूर्ण आणि पोस्टिंगमध्ये झोपायचं नाही. बाकी तुमचं तुम्ही बघा," एवढंच त्या म्हणाल्या. पोस्टिंग म्हणजे रुग्णालयाच्या वॉर्डात काम करत शिकणं. लपवून ठेवलं असतं तर पुढं प्रत्येक अडचणीला नवीन कारण शोधत बसावं लागलं असतं.

मग कागदपत्रं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, टीसी, डोमिसाईल, एएनएमचं प्रमाणपत्र आणि नोंदणी, मेडिकल फिटनेस, तेव्हाच्या शंभराच्या स्टँपवर गॅपचं, म्हणजे शिक्षणात खंड पडल्याचं, शपथपत्र. गाडी अडली ती नावावर. गुणपत्रिका आणि एएनएमची नोंदणी माहेरच्या नावानं, आधार आणि पॅन सासरच्या नावानं. लग्न झालेल्या बहुतेक बायकांचं हेच असतं. नगरपालिकेतून विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र काढलं, त्यावर तात्पुरता प्रवेश झाला. पण पक्का इलाज म्हणजे राजपत्रात नाव बदलाची नोंद. तिचा अर्ज ऑनलाईन होतो, सेतूवाल्याकडून करून घेतला तर तो त्याचे वेगळे पैसे घेतो. आपल्या हातानं करण्यासारखं आहे, फक्त जुनं नाव गुणपत्रिकेवर आहे तसंच, काना-मात्रेसकट लिहायचं. मी राजपत्राचं पान पीडीएफमध्ये मोबाईलवर ठेवलं आणि चार रंगीत प्रती फाईलला लावल्या. पुढं परीक्षेचा फॉर्म, नोंदणी, बँक, सगळीकडं ते लागलं. तुम्ही शिकायचा नुसता विचार करत असाल तरी हे काम आजच काढून टाका.

मूळ कागदपत्रं कॉलेज ठेवून घेतं. देताना पोचपावती घ्या आणि त्यावर कागदांची नावं एकेक करून लिहून घ्या. 'सर्व कागदपत्रे जमा' एवढ्यावर भागत नाही.

फी वर्षाला ६५,०००, तीन हप्त्यांत. आम्हा दोघांचा पगार मिळून उत्पन्नाचा दाखला शिष्यवृत्तीच्या मर्यादेबाहेर गेला. तुमचा मर्यादेत बसत असेल तर महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा, फॉर्म पहिल्याच आठवड्यात भरा आणि बँक खातं आधारला जोडलेलं आहे का, ते बँकेत जाऊन विचारा. माझ्या वर्गातल्या पोरींचे पैसे तिथंच अडकून पडले होते. मी पहिल्या हप्त्याला गंठण बँकेत तारण ठेवून ६०,००० उचलले. दुसऱ्या वर्षी बचत गटातून ३०,००० घेतले, शेकडा दोननं. गणवेश, बूट, एप्रन, घड्याळ, पुस्तकं, फायली मिळून पहिल्या वर्षी बारा हजारांच्या आसपास गेले. पुस्तकं सगळी नवी घेऊ नका. वरच्या वर्गातल्या पोरी निम्म्या किमतीत देतात, आणि त्यात महत्त्वाचे प्रश्न खुणा करून मिळतात ते वेगळंच.

वर्ग सुरू झाले आणि नेमका एसटीचा संप. ऑक्टोबर २०२१ च्या शेवटाला सुरू झालेला तो संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. औसा-लातूर काळीपिवळीत दहा-बारा माणसं कोंबून जायचं, तिकीट तो मागेल ते. माझा पहिल्या सहामाहीचा पुस्तकांचा पैसा त्या जीपवाल्यांनीच खाल्ला. म्हणून रात्रपाळी नसलेल्या दिवशीही कधी कधी लातुरातच राहिले, दवाखान्यातल्या मावशींच्या खोलीवर. त्यांनी भाडं घेतलं नाही. महिन्याचं किराणा सामान भरत गेले.

आता दिवस कसा जायचा ते. सकाळी आठला रात्रपाळी संपली की हँडओव्हर, तोंड धुवून गणवेश बदलायचा आणि साडेआठला क्लिनिकल पोस्टिंग. दीडपर्यंत वॉर्ड, अडीच ते साडेचार वर्ग. मग औशाची गाडी. घरी सहा-साडेसहा. मुलीला जेवू घालून तिच्याबरोबरच झोपायचे, सरळ सकाळपर्यंत. ही झाली मोकळी रात्र. दुसऱ्या दिवशी पुन्हा कॉलेज, पण साडेचारनंतर गाडी नाही. दवाखान्याच्या चेंजिंग रूममध्ये पाच ते सव्वासात झोप आणि आठला ड्यूटीवर. त्या दोन तासांच्या झोपेशी कधी तडजोड केली नाही. खिडकीला ऑपरेशन थिएटरची जुनी हिरवी चादर लावलेली, मोबाईल मावशींच्या हातात. घरचा फोन आला तर मावशीच विचारायच्या, "जिवाची गरज हाय का? मग सव्वासातला करा."

मुलगी तेव्हा पाच वर्षांची. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ती सांभाळली. पहिले दोन महिने त्या रागातच होत्या. "कामून इतका जीव काढायलीस? हाय ती नोकरी का वाईट हाय?" त्यांना पटवत बसले नाही. फीची पावती दाखवली. पैसे भरलेत म्हटल्यावर त्यांनी विषय सोडला. मराठवाड्यात भरलेला पैसा वाया घालवा असं कोणी म्हणत नाही.

पहिल्या वर्षाला अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजी, मायक्रोबायोलॉजी, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, नर्सिंग फाउंडेशन, कम्युनिटी हेल्थचा पहिला भाग, शिवाय इंग्रजी आणि कॉम्प्युटर. एएनएम केलेलं असल्यामुळं कम्युनिटीत मला काही नवं नव्हतं. गृहभेट, गरोदर मातेची नोंद, लसीकरण हे हाताखालून गेलेलं. फाउंडेशन मात्र जड गेलं, आणि ते येत असल्यामुळंच जड गेलं. बेड मेकिंगचं प्रॅक्टिकल होतं. वर्षानुवर्षं मी रोज डझनभर खाटा लावल्या असतील. ट्यूटर सिस्टरनी माझी चादर कोपऱ्यातून सरकन ओढून काढली आणि म्हणाल्या, "आता पुस्तकातली लावा." चादरीची मधली घडी गादीच्या मध्यावर, आधी डोक्याकडची बाजू खोचायची, बाजूचं टोक उचलून गादीवर तिरपं टाकायचं, खाली लोंबतं ते खोचायचं, मग तिरपं टोक खाली घेऊन पुन्हा खोचायचं. कोपरा पाकिटासारखा बसला पाहिजे आणि तळहात फिरवला तर एक सुरकुती लागता कामा नये. "ह्या सुरकुतीवर पॅरालिसिसचा माणूस आठ दिवस पडला तर काय होईल?" सिस्टरनी विचारलं. बेडसोअर. मला उत्तर माहीत होतं, कारण मी बेडसोअरचं ड्रेसिंग कितीदा केलं होतं. त्या रात्री दवाखान्यात मी सगळ्या रिकाम्या खाटा पुन्हा लावल्या. मावशी बघतच राहिल्या.

नोकरीचा अभ्यासाला फायदा होतो का? होतो, पण तो ओढून घ्यावा लागतो. सलाईनच्या थेंबांचं गणित वर्गात पोरींना नको वाटायचं. मी रात्री ते खऱ्या बाटलीवर करायची. आमच्या सेटच्या पाकिटावर २० थेंब म्हणजे १ मिली असं छापलेलं असतं. ५०० मिलीची बाटली ८ तासांत द्यायची, म्हणजे ५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं : मिनिटाला २१ थेंब. घड्याळ धरून मोजायचे, चाक फिरवायचं, पुन्हा मोजायचे. परीक्षेत हा प्रश्न आला तेव्हा मला सूत्र आठवावं लागलं नाही.

उलट बाजूही आहे. दवाखान्यात घाईत जे चालतं ते परीक्षेत चालत नाही. परीक्षक समोर असताना ट्रे लावण्यापासून हात धुण्याच्या पायऱ्यांपर्यंत सगळं पुस्तकी क्रमानंच लागतं. म्हणून मी ठरवून टाकलं की नोकरीवरसुद्धा प्रत्येक प्रोसिजर पुस्तकातल्यासारखी करायची. चार मिनिटं जास्त लागतात. लागू देत.

पेपर इंग्रजीत. आम्ही सगळ्या मराठी शाळेतल्या. मी व्याख्या पाठ केल्या, बाकी उत्तर लहान लहान वाक्यांत लिहिलं आणि जिथं जमेल तिथं आकृती काढली. लेखी ७५ गुणांची, २५ अंतर्गत, पास व्हायला ५० टक्के. रात्री दोन ते चार या वेळात वॉर्ड शांत असतो, तेव्हा वाचून भागत नाही, डोळे मिटतात. म्हणून त्या वेळात मी लिहायचीच कामं ठेवली, केअर प्लॅन, चार्ट, ड्रग फाईल. वाचायचं ते एसटीत, मोबाईलवर माझ्याच आवाजात रेकॉर्ड केलेलं ऐकत.

रेकॉर्डबद्दल एक कळकळीची सूचना. केसबुक (आपण केलेल्या केसेसच्या नोंदींची वही), प्रॅक्टिकल रेकॉर्ड, केअर प्लॅन, हेल्थ टॉक यांतलं ज्या पोस्टिंगचं असेल ते त्याच आठवड्यात लिहून सही घ्या. पोस्टिंग संपलं की ती सिस्टर दुसऱ्या वॉर्डाला जाते, सुट्टीवर जाते, नोकरी सोडते. माझ्या वर्गात हुशार पोरी परीक्षेच्या तोंडावर सह्यांसाठी रडत फिरताना बघितल्या आहेत. नोकरी करणारीला तसं फिरायला वेळच नसतो.

आता मॅडमच्या त्या अटीकडं येते. रजा हवी तर माणूस आणा. पहिल्या महिन्यात मी एक छोटी वही केली. डाव्या पानावर माझी रात्र कुणी केली, उजव्या पानावर मी कुणाची केली. मग ध्यानात आलं की परीक्षा जवळ आल्यावर मदत मागायला गेलं तर कोणी मिळत नाही. आधी देऊन ठेवावं लागतं. तेव्हा मी सणांच्या रात्री मागून घेऊ लागले. महालक्ष्म्या, दिवाळीतला पाडवा, आणि सगळ्यांत मोठी म्हणजे येळवस. लातूर-धाराशिवकडच्या लोकांना सांगायला नको. येळवसाच्या आदल्या रात्री भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील असा रात्रभर सैपाक चालतो आणि सकाळी सगळं घर शेतात. त्या रात्री कुठल्याच बाईला ड्यूटी नको असते. ती मी घ्यायची, आणि बदल्यात दोन रात्री मागायची, परीक्षेच्या दिवसांतल्या. कुणी नाही म्हटलं नाही. सकाळी सुटल्यावर मीही शेतात जायची, फक्त आंबील पिऊन कडब्याच्या गंजीला टेकले की झोप लागायची. आमच्या दिरानं त्याचे फोटो काढून ठेवलेत.

पहिल्या वर्षाची परीक्षा झाली तेव्हा उजवं पान भरलेलं होतं, त्यामुळं पेपरांच्या काळात मी सलग रात्री मोकळी होते. निकालाला काही महिने गेले. मंडळाचा, म्हणजे महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाचा, निकाल लागेपर्यंत पुढचा वर्ग सुरू झालेला असतो. वाट बघत थांबू नका, दुसऱ्या वर्षाची पुस्तकं उघडा.

शरीरानं मात्र बिल दिलंच. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला जिना चढताना धाप लागायला लागली. आमच्याच लॅबमध्ये हिमोग्लोबिन बघितलं तर ९.१. दिवसभर गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगणारी मी, स्वतः चहा-बिस्किटावर चालले होते. गोळ्या सुरू केल्या, त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत हे स्वतःलाही बजावलं, आणि डब्यात शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी, भाकरी आली. पाळीला लागून दुसरी पाळी, अशी डबल ड्यूटी तेव्हापासून बंद. चोवीस तास जागी असलेली नर्स इंजेक्शन भरते हे पेशंटच्याही हिताचं नाही.

दुसऱ्या वर्षाला मेडिकल-सर्जिकलचे दोन्ही भाग, चाइल्ड हेल्थ आणि मेंटल हेल्थ. पहिल्या तिन्हींची पोस्टिंग लातुरातच झाली. मेंटल हेल्थनं सगळी घडी मोडली. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यातल्या पोरींना गाव सोडूनच जावं लागतं. आमची पोस्टिंग येरवड्याला, महिनाभराची. एक-दोन रात्रींची अदलाबदल वेगळी आणि आख्खा महिना वेगळा. मॅडम म्हणाल्या, बिनपगारी रजा घे नाहीतर राजीनामा. माझ्या वहीत तेव्हा उजवीकडं नऊ रात्री जमा होत्या. दोन सिस्टरनी त्या वाटून घेतल्या, उरलेल्यांपैकी काही एका ब्रदरनं, म्हणजे पुरुष नर्सनं, उधारीवर केल्या आणि राहिल्या त्यांचा पगार कापला गेला. नोकरी टिकली.

रात्रीच्या मुंबई एक्स्प्रेसनं पुण्याला उतरलो. वसतिगृह, मेस, रिक्षा मिळून ९,००० गेले, म्हणजे तेव्हाचा बरोबर एक पगार. पण खरं सांगू, त्या साडेतीन वर्षांत मी रोज रात्री झोपले ती त्याच महिन्यात. सकाळी वॉर्ड, दुपारी हिस्टरी आणि प्रोसेस रेकॉर्डिंग लिहायचं. पेशंट काय बोलला, आपण काय बोललो, असं शब्दाला शब्द. लातूरकडची एक आजी होती. माझी बोली ऐकून तिनं विचारलं, "औंदा पाऊस हाय का तिकडं?" पुढचे आठ दिवस ती रोज सोयाबीनची चौकशी करायची. तिचा मुलगा सुरुवातीला यायचा, मग यायचा थांबला, हे फाईलवरून कळलं. तिच्याशी बोलायला शिकले तसं नंतर बाळंतपणात घाबरलेल्या पोरींशीही बोलता यायला लागलं.

त्याच वर्षी, १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. राजकारण काय असेल ते असो, माझे महिन्याचे पाचशे रुपये वाचले आणि बचत गटाचा हप्ता वेळेवर जायला लागला.

तिसरं वर्ष मिडवायफरी आणि कम्युनिटीचा दुसरा भाग. सगळ्यांना वाटलं माझं सोपं, नोकरीच प्रसूतिगृहात. इथं एक गोम आहे. नोकरीच्या दवाखान्यात केलेलं बाळंतपण केसबुकात धरत नाहीत. संलग्न रुग्णालयात, ट्यूटरच्या देखरेखीखाली केलेलंच चालतं. तिथं कॉलेजं तीन-चार, विद्यार्थिनी ढीगभर, आणि बाळंतीण आपल्या वेळेनं बाळंत होणार. सकाळच्या पोस्टिंगमध्ये केसेस पूर्ण होईनात. मग माझ्या मोकळ्या रात्री मी तिकडच्या लेबर रूमला परवानगी घेऊन थांबू लागले. म्हणजे काही आठवडे एक रात्र नोकरीची, एक रात्र केसबुकाची. हा काळ सगळ्यांत वाईट होता. मुलगी आत्यांना 'आई' म्हणायला लागली होती, लटक्यानं, पण म्हणायची. त्या काळाबद्दल मला जास्त लिहिता येणार नाही.

तिथं पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढं सरकतंय ते दाखवणारा आलेख, मात्र नीट शिकले. खासगीत आम्ही तो डॉक्टरांसाठी भरून ठेवायचो. इथं दर वेळी रेघ कुठल्या बाजूला चाललीय आणि त्याचा अर्थ काय, हे सिस्टर विचारायच्या. पिशवीचं तोंड उघडण्याची रेघ अ‍ॅक्शन लाईनला, म्हणजे आता उपाय करायलाच हवा हे दाखवणाऱ्या रेघेला, टेकायच्या आत डॉक्टरांना कळवायचं, हे आता बोटांत बसलंय.

शेवटच्या सहा महिन्यांच्या इंटर्नशिपला स्टाफसारखी पाळी लागते, रात्रपाळीसुद्धा. तिथं एकाआड एक रात्रीचं गणित चालूच शकत नाही. प्रवेशाच्या वेळीच मला हे माहीत होतं, म्हणून तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मी मॅडमना लेखी अर्ज दिला : सहा महिने आठवड्याला दोनच रात्री, अर्धा पगार, पण नाव पटावर राहू द्या. त्यांनी दोन आठवडे लावले आणि सही केली. अर्ध्या पगाराची सोय म्हणून आम्ही आधीचं वर्षभर महिन्याला हजार बाजूला टाकले होते. तुम्ही नोकरी करत जीएनएम करणार असाल तर या सहा महिन्यांचे पैसे पहिल्या दिवसापासून धरून चाला. फीचा हिशेब सगळे करतात, हा कोणी करत नाही.

निकाल २०२५ च्या सुरुवातीला लागला, पास. मूळ कागदपत्रं परत घेताना पोचपावती कामाला आली. एएनएमची नोंदणी 'सापडत नाही' म्हणाले, पावतीवर नाव होतं, मग संध्याकाळपर्यंत सापडली. परिषदेच्या आरएन-आरएम (नोंदणीकृत नर्स आणि मिडवाइफ) नोंदणीचा अर्ज ऑनलाईन केला. राजपत्राचं पान जोडलं असल्यामुळं नावावरून शंका निघाली नाही. प्रमाणपत्र यायला पावणेदोन महिने लागले. देशभराच्या नोंदणीचा एनयूआयडी क्रमांकही लागतो, तो टाळू नका. आणि नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं, ती तारीख फाईलच्या कव्हरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

पगार लगेच वाढला नाही. दोन महिने मागे लागल्यावर १४,००० झाला आणि नावापुढं स्टाफ नर्स आलं. गंठण सोडवलं. अधिपरिचारिकेच्या, म्हणजे सरकारी स्टाफ नर्सच्या, सरळसेवा भरतीची जाहिरात आली की फॉर्म भरणार आहे, त्यासाठी अ‍ॅनाटॉमीच्या जुन्या रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायला घेतल्यात. येरवड्याच्या महिन्यात ब्रदरनं केलेल्या रात्रींपैकी तीन अजून फिटायच्या आहेत. त्यानं स्वतः जीएनएमनंतरच्या पोस्ट बेसिक बी.एस्सी.ला फॉर्म भरलाय आणि त्या परीक्षेच्या वेळी घेईन म्हणतो.